मास्तरांची ठेव

बाजारात त्याला सगळे रंगारी म्हणत. तो कपडे रंगवत नव्हता आणि भिंतीही रंगवत नव्हता. त्याच्या दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या, टाक्यांमध्ये कोरल, म्हणजे समुद्रातलं जिवंत प्रवाळ, आणि त्या कोरलवर असे काही रंग, की बघणाऱ्याने आधी डोळे चोळावेत आणि मग खिसा चाचपावा. असे रंग दुसऱ्या कुणाला आणता येत नसत, म्हणून तो रंगारी. नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण त्याला ते इतकं आवडलं की त्याने तेच पाटीवर घालून घेतलं.

आता या कोरलच्या किमतीचं काय सांगावं! नखाएवढा तुकडा, आणि त्याला एखाद्या घराचा महिन्याचा किराणा मोजायचा. तुकडा जरा भडक असला आणि वर त्याला नाव असलं, तर किराणा राहू द्या, सरळ घरभाडंच धरा. सगळी मेख नावात होती. तोच तुकडा बिननावाचा ठेवला तर कुणी ढुंकून बघायचं नाही, आणि 'सातवं आकाश' म्हटलं की माणसं फोनवर तुटून पडायची. रंगारीची जीभ या बाबतीत भलतीच सैल होती. 'जळती संध्याकाळ', 'राणीचं गुपित', 'विजेचा तुरा' ही सगळी त्याचीच अपत्यं. एका कोरलचं नाव त्याला दाढी करताना सुचलं म्हणून त्याने ते 'वस्तऱ्याची धार' ठेवलं, तर तेही हातोहात खपलं.

दर रविवारी दुपारी तो फोन तिवईवर बसवून लाइव्ह विक्री करायचा. त्या वेळी दुकानातले साधे दिवे बंद, खिडकीवर जाड पडदा, टाकीवरचे निळे दिवे तेवढे चालू आणि रंग खुलून दिसावेत म्हणून फोनच्या कॅमेऱ्यावर पिवळी काच. निळ्या दिव्यात, खरं सांगायचं तर, धुवून वाळत घातलेला पांढरा सदरासुद्धा चमकतो. पण हे सांगायचं कुणी? घेणाऱ्यांनाही ते माहीत होतंच. तरी ते घेत होते आणि चढ्या भावाने घेत होते.

रंग आणायची त्याची रीत मात्र खरोखर त्याची होती. पाणी इतकं गाळून काढायचं की त्यात खायला कणभर काही उरता कामा नये, आणि वरून दिवे इतके तेज की हात धरला तर पोळावा. कोरलच्या अंगात बारीक तपकिरी शेवाळ राहतं आणि तेच त्याला पोसतं. उपाशी पाणी आणि वर भगभगता उजेड, अशात ते शेवाळ निघून जातं, कोरलचा तपकिरी रंग उतरतो, आणि उजेडापासून जीव वाचवायला कोरल अंगावर केशरी, जांभळे, हिरवे रंग चढवतं. ती त्याची छत्री असते, दुसरं काही नाही. रंगारीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, आणि तो त्याचा विचार करत नव्हता.

त्याच्या दुकानाची शान म्हणजे 'पहिली पहाट'. ताटलीसारखं पसरलेलं, तळहाताहून मोठं कोरल. मध्ये पेटलेला केशरी रंग आणि काठाला जांभळी किनार. ते त्याला मास्तरांनी दिलं होतं.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या पुढच्या खोलीत साध्या ट्यूबलाइटखाली एक भली मोठी टाकी होती, आणि ऐन विशीतला रंगारी तिथे काचा घासून घासून हा उद्योग शिकला होता. त्याने दुकान थाटलं त्या दिवशी मास्तर आले, बरोबर झाकणाचा डबा, आणि डब्यात त्यांच्या लाडक्या कोरलचा अर्धा भाग. पैशाचा विषय काढताच ते म्हणाले, "वेडा आहेस का? ही ठेव आहे."

ठेव ही या लोकांची जुनी रीत. टाकी आज आहे, उद्या नाही. हीटर अडकतो, पंप बसतो, घरातलं कुणी झुरळांवर औषध फवारतं आणि वर्षांची मेहनत एका दिवसात पाण्यात जाते. म्हणून ज्याच्यावर जीव आहे त्याचा एक तुकडा भरवशाच्या माणसाकडे ठेवून द्यायचा. माझं मेलं तर मी तुझ्याकडून नेईन, तुझं मेलं तर तू माझ्याकडे ये. यात पैसा नसतो आणि लिहून घेणं तर नसतंच नसतं.

रंगारीने ठेव घेतली, तिला नाव ठेवलं, रंग आणला, आणि भाव आभाळाला भिडला तरी तिचा तुकडा कधी कुणाला दिला नाही. दुसऱ्याकडे दिसलं की भाव पडतो, हे त्याचं गणित. मास्तरांकडे जाणंही हळूहळू कमी झालं. काम होतं हे खरंच, पण गेलो आणि त्यांनी भाव विचारला तर काय सांगायचं, हा प्रश्नही होता. मग एक वर्ष गेलं, दोन गेली, आणि आता एकदम कसं जायचं म्हणून आणखीही काही गेली.

अशात दातांचा एक डॉक्टर दुकानात शिरला. नवा दवाखाना, बसायच्या खोलीत भिंतभर टाकी, आणि त्या टाकीच्या मधोमध त्याला हवी 'पहिली पहाट', अख्खी. अट एकच, दुसऱ्या कुणाकडे हे असता कामा नये. त्याने जी किंमत सांगितली ती रंगारीने तो गेल्यावर एकट्याने मोठ्याने म्हणून बघितली, आपण नीट ऐकली ना याची खात्री करायला. तेवढ्या पैशात दुकान भाड्याचं न राहता स्वतःचं झालं असतं. मास्तरांकडचा अर्धा भाग रंगारीने हिशेबातच धरला नाही. महिनाअखेर कोरल पोचवायचं ठरलं.

इथे ताईची ओळख करून द्यायला हवी. ताई म्हणजे रंगारीची मोठी बहीण. तिचा सगळा जन्म इस्पितळाच्या लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी ती दुकानावरच्या दोन खोल्यांत भावाकडे राहायला आली. दोघंही एकेकटी, तेव्हा एकत्र राहिलेलं बरं, असं दोघांनीही म्हटलं आणि दोघांनाही मनातून आनंद झाला. माणसाच्या चेहऱ्याआधी त्याची डोळ्याखालची पापणी ओढून बघायची ताईला खोड. पोस्टमनला तिने पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यायला लावलं.

दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा ती टाक्यांपुढून अगदी वॉर्डात फिरावं तशी फिरली, आणि शेवटी भावाला विचारलं, की हे सगळे उपाशी आहेत का रे. रंगारी पोट धरून हसला. हे कोरल आहेत, पेशंट नाहीत, म्हणाला. पण बहीण रिकामी बसली तर आपलंच रक्त तपासायला लावील, या धसक्याने त्याने तिला मागच्या खोलीतला टब सोपवला.

मागचा टब म्हणजे दुकानाची अडगळ. प्लॅस्टिकचा मोठा टब, वर एक साधी ट्यूबलाइट. नवे आलेले मासे रुळेपर्यंत तिथे ठेवायचे. आणि जी कोरलं रंग सोडून तपकिरी पडत ती रंगारी तिथेच टाकायचा. 'मळलेली' म्हणायचे त्यांना धंद्यात. मळलेल्याला भाव नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही नाही. टबात काय आहे आणि काय नाही, हे रंगारीला विचाराल तर त्याने डोकं खाजवलं असतं.

ताईला हात आखडता घेणं ठाऊकच नव्हतं. ती माशांना सकाळी घाली, दुपारी घाली, आणि संध्याकाळी 'आज सकाळी नीट खाल्लं नाही यांनी' म्हणून पुन्हा घाली. बारीक झिंगे, माशांची अंडी, काय वाटेल ते. टबाच्या कडा शेवाळाने हिरव्यागार झाल्या. एक पिवळा मासा इतका सुटला की गिऱ्हाइकाला तो वेगळ्याच जातीचा वाटला. एकदा तर खाणं कुजून पाणी नासलं आणि दोन मासे दगावले. तेव्हा ताईला फार वाईट वाटलं. मग रंगारीने तिला मापाचा चमचा आणून दिला. तो चमचा शिगोशीग भरायचा की सपाट, यावरून दोघांची रोज बाचाबाची व्हायची, पण त्यात राग नव्हता.

राग आला तो पुढे. डॉक्टरच्या दवाखान्यात कोरल जायला आठवडा राहिला, आणि रंगारीला वाटलं, रंग अजून एक घर वर चढायला हवा. एवढी किंमत घ्यायची तर माणसाचे डोळे दिपायला नकोत का! त्याने दिवे आणखी वाढवले आणि पाण्याला आणखी एक गाळणी लावली. ताई तीन-चारदा येऊन टाकीपुढे उभी राहिली. याच्या अंगावर मांस राहिलं नाही, खालची हाडं दिसतायत, असं तिने सांगून बघितलं. रंगारीने हो हो म्हटलं आणि ते कानाआड केलं.

मग तो मीठ आणायला बाहेर गेला असताना ताईने तिच्या टबातलं चमचाभर खाणं मोठ्या टाकीत सोडलं.

तो परत आला तो नेमका पाणी गढूळ असतानाच. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तो तिला कधी वाकडं बोलला नव्हता, त्या दिवशी नको ते बोलला.

"हे माझं दुकान आहे ताई, तुझा वॉर्ड नाही. इथे राहायला आली आहेस ना, तेवढंच कर."

ताईने चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि ती जिना चढून वर गेली.

दोन दिवसांनी सकाळी 'पहिली पहाट' मध्यभागी सुटायला लागली. कोरलचं अंग पापुद्र्यासारखं निघून पाण्यात तरंगत होतं आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडत होता. रंगारीने दिवे उतरवले, पाणी बदललं, आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढलं, जे जे माहीत होतं ते सगळं केलं. दुपारपर्यंत ते अर्धं गेलं आणि दिवेलागणीला चुन्याची थाळी शिल्लक राहिली. तो वर गेला. ताई भाजी निवडत बसली होती.

"तुझ्यामुळे मेलं," तो म्हणाला.

म्हणतानाच त्याला कळत होतं की हे खोटं आहे. चमचाभर खाण्याने असं काही होत नाही. उलट ते खाणं पडल्यापासून टाकीतली बाकीची कोरलं जरा फुललीच होती. त्याला सगळं कळत होतं, पण शब्द परत घ्यायला जीभ वळेना. ताईने भाजी बाजूला ठेवली, स्टूल ओढलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय न उघडतंय तोच दारात मास्तर उभे. केस सगळे पांढरे झालेले, पाठीत बाक आलेला, आणि हातात झाकणाचा डबा. डबा कशासाठी आणतात हे रंगारीला सांगायला नको होतं.

मास्तर खुर्चीत टेकले आणि सावकाश सांगू लागले. मुलीचं बाळंतपण होतं म्हणून ते तिच्याकडे गेले होते. इकडे टाकीतला हीटर अडकला तो बंदच झाला नाही. परत येऊन बघतात तो सगळं संपलेलं, एक जीव शिल्लक नाही. घर बंद करून आता ते मुलीकडेच राहत होते. नातू रांगायला लागला होता आणि मुलीने पुढच्या खोलीत एका छोट्या टाकीपुरती जागा करून दिली होती.

"म्हटलं, ठेव घेऊन यावी," मास्तर म्हणाले. "असेल तर."

ते 'असेल तर' रंगारीला फार लागलं. तो चहा टाकतो म्हणून उठला आणि मागच्या खोलीत गेला. चहा वगैरे काही नाही, त्याला मास्तरांच्या समोरून पळायचं होतं.

मागे ताई होती. दाराशी तिची भरलेली बॅग होती, आणि ती जाण्याआधी माशांना शेवटचं खाऊ घालत होती. चमचा शिगोशीग भरलेला. रंगारी तिच्याकडे न बघता टबाकडे बघत उभा राहिला, आणि बघता बघता त्याची नजर त्या जाड्या पिवळ्या माशाच्या मागे गेली.

तिथे एक कोरल होतं. टबाच्या कोपऱ्यात ताटलीसारखं पसरलेलं, चांगलं तळहाताएवढं. रंग तपकिरी, अगदी मातीसारखा, आणि काठाला दोऱ्याएवढी हिरवी किनार. त्याच्या अंगभर शेकडो बारीक तोंडं उघडली होती आणि पडणारं खाणं ओढून घेत होती. एका बाजूला सरळ तुटल्याची खूण होती. ती खूण रंगारीच्याच हातची होती. टाकी साफ करताना 'पहिली पहाट'चा एक कोपरा मोडला होता, तो लगेच मळला, आणि त्याने तो इथे भिरकावून दिला होता.

ताईने त्याची नजर कुठे आहे ते बघितलं. मी आले तेव्हा हे सदऱ्याच्या बटणाएवढं होतं, असं तिने सांगितलं, आणि पोर बाळसं धरतं तसं वर्षभरात कसं भरलं म्हणून तिला त्याचं कोण कौतुक.

आता रंगारीच्या डोक्यात जो विचार पहिल्यांदा आला तो मास्तरांचा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. तो आला डॉक्टरचा. डॉक्टरला थोडं थांबवायचं. हे कोरल मोठ्या टाकीत, निळ्या दिव्याखाली घ्यायचं, पाणी गाळायचं, महिना-दीड महिना उपाशी ठेवायचं. केशरी येईल, जांभळी किनार येईल, कुणाला काही कळायचं नाही. जगात एकच नग, ठरल्याप्रमाणे. आणि मास्तरांना सांगायचं की मेलं. ते तर काही खोटं नव्हतं. म्हाताऱ्याने स्वतःच 'असेल तर' म्हणून वाट करून दिली होती. सगळं इतकं सोपं होतं की त्याचा हात टबात गेलासुद्धा.

"हेही नेणार का रे तू त्या मोठ्या टाकीत?" ताईने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डातलं पोर पुरतं बरं व्हायच्या आधीच बाप घरी न्यायला आला, की तिचा आवाज असाच व्हायचा. लहानपणी तिला डबा पोचवायला गेल्यावर त्याने तो ऐकला होता. रंगारीने हात बाहेर काढला. पालथ्या बादलीवर तो मटकन बसला आणि त्याला रडू कोसळलं. एवढा बाप्या माणूस, पण त्याने ते लपवलं नाही.

"तुझ्या चमच्याने नाही मेलं ते," तो म्हणाला. "मी मारलं. उपाशी ठेवून मारलं."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "ते फडकं दे इकडे, हात ओले आहेत माझे."

त्याने फडकं दिलं. मग दोघांनी मिळून ते कोरल एका ट्रेमध्ये पाण्यासकट उचललं आणि पुढे आणून काउंटरवर ठेवलं. रंगारीने खिडकीवरचा पडदा सारला, निळे दिवे बंद केले आणि कोपऱ्यातली साधी ट्यूब लावली. ती किती दिवसांत लागली नव्हती कोण जाणे, दोन-चारदा फडफडून मग पेटली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. ट्रेवर वाकून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पाण्यात बोट घालून त्या हिरव्या किनारीला हलकेच लावलं. तोंडं मिटली, थोड्या वेळाने परत उघडली.

"मला वाटलं होतं, हे मेलं," मास्तर म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी त्यांना फोनवर रंगारीची रविवारची विक्री दाखवायची. 'पहिली पहाट', 'पहिली पहाट' म्हणून त्याचा गाजावाजा त्यांनी कितीदा तरी बघितला होता. पण ते भडक केशरी काहीतरी आपलं कोरल आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपलं त्यात कुठेच दिसत नाही, म्हणजे पोराकडून ते दगावलं असणार, असं ते समजले. त्याचीच लाज वाटून याने येणं सोडलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणि आपण विचारायला गेलो तर त्याला आणखी खजील व्हावं लागेल, म्हणून तेही कधी आले नाहीत.

"आज डबा आणला तो आपला सवयीने," ते म्हणाले. "मिळेल असं वाटलं नव्हतं रे. तू भेटशील, एवढंच होतं मनात."

मग रंगारीने सगळं सांगितलं, काही न वगळता. फोनवरचं ते केशरी आणि हे तपकिरी एकच होतं, ते कसं केशरी केलं, कितीला ठरलं होतं, काल ते कसं गेलं, आणि आत्ता मागच्या खोलीत आपल्या मनात काय आलं होतं, तेसुद्धा. मास्तर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की याला इतकं बाळसं कुणी आणलं. रंगारीने ताईकडे बोट दाखवलं. मास्तरांनी उठून तिला नमस्कार केला. ताई इतकी गडबडली, की त्या भरात तिने मास्तरांची पापणी ओढून बघितली आणि तुम्ही जेवताय का नीट, असं विचारलं.

कोरल कापायला हाडं कापायची कात्री लागते. रंगारीने ती काढली तर ताई म्हणाली, ही तर आमच्या ऑपरेशनच्या खोलीतली. तिने ट्रे धरला, त्याने कात्री लावली. उपाशी कोरल कापलं की त्यातलं निम्मं मरायचंच. हे कापताना मात्र चांगला दाट चीक सुटला, खोलीभर समुद्राचा वास आला आणि तुकडा कचकन स्वच्छ निघाला. त्याने अर्धं मास्तरांच्या डब्यात घातलं. मास्तर म्हणाले, एवढं नको, माझी टाकी केवढीशी. तो म्हणाला, तुम्ही मला अर्धंच दिलं होतं. यावर दोघांचं जुंपलं, आणि ताईने शेवटी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"याला नाव काय ठेवलं होतं तुम्ही?" रंगारीने विचारलं. इतक्या वर्षांत त्याला हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

मास्तर हसले. नाव कसलं आलंय त्याला, म्हणाले. टाकीच्या कडेला असायचं म्हणून घरात सगळे 'कडेचं' म्हणायचे.

मास्तर समोर असतानाच रंगारीने डॉक्टरला फोन लावला. नंतर धीर होईल याचा त्याला भरवसा नव्हता. 'पहिली पहाट' मेली, तिचाच तुकडा आहे पण तो तपकिरी आहे, तो एकट्या तुमच्याकडे राहणार नाही, आणि ठरलेली किंमत आता घेणार नाही, हे त्याने एका दमात सांगितलं. डॉक्टरने विचारलं, ते जगेल का? त्याचं झालं असं होतं, की आजवर इकडूनतिकडून घेतलेली तीन महागडी कोरलं त्याच्या टाकीत पांढरी होऊन मेली होती, आणि बसलेले पेशंट ती बघून आत यायलाच कचरत होते. जगेल, पण खायला घालावं लागेल, असं रंगारीने सांगितलं. संध्याकाळी डॉक्टर येऊन एक तुकडा घेऊन गेला. साध्या किमतीतही त्याने घासाघीस केली ती केलीच.

दुकान स्वतःचं व्हायचं राहिलं. त्याचं वाईट वाटतच होतं, नाही कशाला म्हणा. पण मास्तरांना रस्त्यापर्यंत सोडून परत येताना रंगारीला कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं. तो मागच्या खोलीत गेला, ताईची बॅग उचलली आणि काही न विचारता जिना चढू लागला. खालून ताई म्हणाली, की वरच्या कप्प्यात औषधं आहेत, बॅग आडवी धरू नकोस.

पुढच्या रविवारी त्याने पडदा उघडा ठेवून, साध्या ट्यूबखाली विक्री लावली. निम्मे लोक पहिल्याच मिनिटाला पळाले. एकाने लिहिलं, दिवे गेलेत का? जे थांबले त्यांना त्याने ते तपकिरी तुकडे दाखवले, चांगल्या उजेडात आणि पोटभर खाण्यावर याचा रंग आपोआप काय येईल तो येईल म्हणाला, आणि किमती अशा सांगितल्या की एकाला वाटलं मागे एखादं शून्य राहिलं. अट एकच ठेवली. वाढला की पहिला तुकडा कुणाकडे तरी ठेव म्हणून द्यायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणीतरी नाव विचारलं. इतक्या नावांचा तो बाप, पण क्षणभर अडखळला.

"कडेचं," तो म्हणाला.

तेवढ्यात मास्तरांच्या मुलीचा संदेश आला. आमचं छान फुललंय, बाळ काचेला नाक लावून बसतं, आणि बाबा विचारतायत, ताईंनी आज काय खायला घातलं. रंगारीने तो मोठ्याने वाचला आणि फोन तिवईवरून काढून मागच्या खोलीकडे वळवला. टबापाशी ताई उभी होती, हातात शिगोशीग भरलेला चमचा. त्या दिवशी तो तिला काही बोलला नाही.